फ्लॉरेन्समधला एक दिवस आणि कोल्हापूरचा राजा

फ्लॉरेन्स पाहायला आम्हांला एकच दिवस मिळाला. सकाळी साडेआठला बस गावाबाहेरच्या तळावर लागली आणि संध्याकाळी साडेसहाला ती सुटणार होती. म्हणजे मोजून दहा तास. टूरच्या कागदावर त्या दहा तासांचे तुकडे पाडून ठेवले होते: कॅथेड्रल, मुख्य चौक, जुना पूल, मेदिची घराण्याचे चॅपेल, जेवण आणि मग ‘मोकळा वेळ’. या मोकळ्या वेळासाठीच मी ही टूर निवडली होती. सौ.ला मात्र मी ते व्हेनिस सोडेपर्यंत सांगितले नव्हते.

मी सरकारी कचेरीतला कारकून. एक-चौदाचे उतारे, अर्ज, नोंदी, शेरे यांत आयुष्य गेले. परदेशी जायचे तर आम्हांला ना हरकत दाखला लागतो. माझी फाइल तीन आठवडे फिरली. सह्या मोजायची मला जित्याची खोड आहे, त्या नऊ झाल्या. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे, कारण फ्लॉरेन्समध्ये मला एक दीडशे वर्षांपूर्वीची फाइल आठवत होती. ती एका दिवसात निकालात निघाली होती.

आमच्या बसमध्ये बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची. पुढच्या सीटवर कोल्हापूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. सगळे त्यांना ‘सर’च म्हणत. मुंबईच्या विमानतळावर ओळख झाली तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सांगून टाकले होते, ‘‘आम्ही राजाराम कॉलेजचे हो!’’ माणूस मोठा बोलका, पण गुडघ्याने बेजार. पायऱ्या दिसल्या की ते बाकडे शोधत.

सकाळचा कार्यक्रम सगळ्यांचा असतो तसाच झाला. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४२० ते १४३६ या काळात बांधला. खालपासून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता एवढा घुमट कसा पेलला, याचे कोडे अभियंते अजून सोडवतात म्हणे. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. आम्ही खालूनच नमस्कार केला. मग सिन्योरिया चौक. तिथे उभा असलेला डेव्हिड नकली. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवून अकादेमियात नेला आणि ही प्रतिकृती १९१० मध्ये बसवली. लोक फोटो मात्र नकली डेव्हिडबरोबरही तितक्याच भक्तिभावाने काढतात.

त्याच चौकात जमिनीत एक गोल दगडी फलक बसवलेला आहे. त्यावरून पर्यटकांचे पाय सतत ये-जा करत असतात. गिरोलामो साव्होनारोला या संन्यासी धर्मोपदेशकाला २३ मे १४९८ रोजी याच जागी फाशी देऊन जाळले आणि त्याची राख आर्नो नदीत टाकली. त्याचे अनुयायी अवशेष जपून ठेवतील, ही भीती. माझे लक्ष तारखेकडे गेले. त्याच्या तीनच दिवस आधी, २० मे रोजी, वास्को द गामा कालिकतला पोचला होता. इकडे हा सगळा तमाशा चालला असताना तिकडे आमच्या किनाऱ्याच्या पुढच्या साडेचारशे वर्षांची नांदी झाली होती आणि या चौकातल्या कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

पुढे मात्र फ्लॉरेन्सवाल्यांना गोव्याची चांगली ओळख झाली. फिलिप्पो सास्सेत्ती हा इथला व्यापारी १५८३ मध्ये कोचीला आला. मिरीचा व्यवहार हा त्याचा धंदा, पण डोळे आणि कान उघडे. त्याने घरी धाडलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांतल्या साम्याची नोंद आहे. देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त-अष्ट-नव आणि ‘सेत्ते-ओत्तो-नोव्हे’. कलकत्त्यात विल्यम जोन्सने १७८६ मध्ये आपले सुप्रसिद्ध भाषण केले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. सास्सेत्ती परत गेला नाही. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. आमच्या जुन्या गोव्यात त्याच्या नावाची पाटी मी तरी पाहिलेली नाही. कॉफीच्या दुकानात पोरगी पैसे मोजताना ‘सेत्ते, ओत्तो’ म्हणाली तेव्हा मला या माणसाची आठवण झाली आणि मी उगाच हसलो. तिला वाटले, हिशेब चुकला.

आता सान लोरेन्झोविषयी. बाहेरून हे देऊळ कुणाच्या नजरेत भरणार नाही. दर्शनी भिंतीला मायकेलअँजेलोने आराखडा केला होता, पण काम झालेच नाही आणि ती भिंत आजही ओबडधोबड, उघडी उभी आहे. आपल्याकडच्या बाँ जेझूसची गिलावा नसलेली तांबडी चिऱ्याची भिंत पाहिलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखे वाटते. मागच्या बाजूला मेदिची राजांचे दफन-चॅपेल आहे. आत पाऊल टाकले आणि आमची सौ. म्हणाली, ‘‘हें तर आमच्या पोरण्या गोंयांतलें तें!’’

तिला जे दिसले ते अगदी खरे होते. अष्टकोनी दालन, आणि वरपासून खालपर्यंत रंगीत दगडांचे काम. जास्पर, लापीस, तऱ्हेतऱ्हेचे संगमरवर पातळ कापून, एकात एक बसवून केलेली पच्चीकारी. तोस्कानातल्या सोळा शहरांची राजचिन्हे अशीच दगडातून कोरून बसवली आहेत. या कामासाठी मेदिचींनी १५८८ मध्ये खास सरकारी कारखानाच काढला. (सास्सेत्ती गोव्यात वारला तेच हे साल.) भिंतींशी सहा ग्रँड ड्यूकांच्या अवाढव्य शवपेट्या आहेत. त्यांतली एक तिसऱ्या कॉसिमोची.

हा तिसरा कॉसिमो म्हणजे गोव्याशी ज्याचा खरा संबंध तो. १६७० ते १७२३ अशी त्रेपन्न वर्षे त्याने राज्य केले. कमालीचा धार्मिक, अवशेषांचा नादी, आणि प्रजेवर कर बसवण्यात हात सैल. गोव्याच्या जेझुइटांकडून त्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाली. परतफेड म्हणून त्याने आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून झेवियरच्या समाधीचा चौथरा करवून घेतला. कामाला दहा वर्षे लागली. सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे गोव्याला आले, ते जोडायला फ्लॉरेन्सच्या कारखान्यातला प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर स्वतः आला आणि १६९८ मध्ये बाँ जेझूसमध्ये समाधी उभी राहिली. राम्पोनीने प्रवासाची रोजनिशीही लिहून ठेवली आहे. वरची चांदीची पेटी मात्र त्याहून साठेक वर्षे जुनी आणि आपल्या गोव्याच्या सोनारांच्या हातची. यात्रेकरूंची नजर त्या पेटीवर असते. खालच्या जास्परकडे आणि फोज्जिनीच्या चार ब्राँझपटांकडे फारसे कुणी पाहत नाही. मीही लहानपणी फेस्ताला जायचो ते खाज्यासाठी.

झेवियरबद्दल आम्हां हिंदू गोवेकरांच्या मनात दोन कप्पे असतात, हे कबूल करायला हरकत नाही. ‘गोंयचो सायब’ म्हणून त्याला नवस बोलणारी हिंदू घरे मी पाहिली आहेत. त्याच वेळी, धर्मन्यायालय गोव्यात आणावे असे १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिणारा तोच, हेही आम्ही शिकलो आहोत. फोज्जिनीचे हे सुंदर काम मांडवीच्या काठाला लागले त्या १६९८ साली जुन्या काबिजादींत हिंदूंच्या जाहीर धर्मविधींना बंदी होती. आमच्या देवांनी केव्हाच नदी ओलांडून अंत्रुज महालात बिऱ्हाडे केली होती. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवून त्या चॅपेलमध्ये उभा होतो.

आणखी एक गंमत. त्या सहाही शवपेट्या रिकाम्या आहेत. मृतदेह खालच्या तळघरात पुरलेले. ज्याने आमच्याकडे समाधी धाडली त्याची स्वतःची समाधी पोकळ.

मेदिचींचा वंश १७३७ मध्ये संपला. कॉसिमोची मुलगी आन्ना मारिया लुईझा तेवढी उरली. तिने नव्या राजघराण्याशी करार केला: चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने, काहीही शहराबाहेर न्यायचे नाही, ते राज्याचे भूषण म्हणून, लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी पाहुण्यांचे कुतूहल जागवण्यासाठी इथेच राहील. कारकुनाला यापुढे डेव्हिडचेही काही वाटत नाही. दरवर्षी लाखो माणसे येतात ती या एका कागदाच्या बळावर. दस्तऐवज असावा तर असा. (उफ्फिझी आम्हांला बाहेरूनच पाहावी लागली. रांग पाहून आमच्या मॅनेजरने हात जोडले.)

दोन वाजता जेवण उरकले आणि मंडळी चामड्याच्या पिशव्या घ्यायला पांगली. सौ.ला मी तेव्हा सगळे सांगितले. ती म्हणाली, ‘‘कितलें चलचें पडटलें?’’ मी म्हटले, थोडेसे. हे खोटे होते.

स्टेशनाजवळून ट्राम धरली आणि कासिनेच्या थांब्यावर उतरलो. कासिने हे नदीला लागून पसरलेले साडेतीन किलोमीटर लांबीचे उद्यान. पूर्वी मेदिचींची शिकारीची आणि गाईगुरांची जागा. मंगळवारी इथे मोठा बाजार भरतो, एरवी सायकली, धावणारी माणसे, बाबागाड्या. थांब्यापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत अडीचेक किलोमीटर चालायचे. डाव्या हाताला आर्नो, संथ आणि मातकट. याच नदीने ४ नोव्हेंबर १९६६ रोजी शहरात शिरून हजारो ग्रंथ आणि चित्रे चिखलात बुडवली, हे पाहून खरे वाटत नाही. सौ. दोनदा बसली. तिसऱ्यांदा तिने चपला हातात घेतल्या. मग झाडे विरळ झाली आणि समोर ती दिसली. छत्री!

चार खांब, वर घुमट, कोरीव कमानी, भोवती लोखंडी कठडा. आत संगमरवरी चौथऱ्यावर पागोटे घातलेल्या, गळ्यात मोत्यांच्या माळा असलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. चौथऱ्याच्या बाजूंवर इंग्रजी, इटालियन आणि आपल्याकडच्या भाषांतले लेख आहेत. नदी दहा पावलांवर.

राजाराम १८५० मध्ये जन्मले, दत्तक होऊन १८६६ मध्ये गादीवर आले. इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली शिकलेला, इंग्रजी वाचणारा हा मुलगा विसाव्या वर्षी, १८७० मध्ये, विलायतेला निघाला. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे असे मानणाऱ्या त्या काळात, गादीवर असताना विलायतेला गेलेला पहिला हिंदू राजा म्हणून त्यांची नोंद होते. इंग्लंड पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. रोज काय पाहिले ते राजे इंग्रजीत रोजनिशीत लिहून ठेवत. बरोबरचा अधिकारी कॅप्टन वेस्ट याने ती १८७२ मध्ये लंडनला छापली. म्हणजे राजांचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो साहेबाच्या संपादनातून, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही राज्यकर्त्या मराठी घराण्यातल्या माणसाने विशीत लिहिलेली युरोपची रोजनिशी ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्या किती वाचनालयांत ती असेल?

परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सला पोचले ते आजारी अवस्थेतच, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलात देह ठेवला. घरचे जवळचे कुणी नाही. सोबत मोजके मानकरी, नोकरचाकर आणि तो गोरा कॅप्टन.

आता माझी फाइल. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला, तोही संगमावर. इटलीत प्रेत जाळायला कायद्याने मनाई. १८२२ मध्ये शेली हा इंग्रज कवी बुडून मेला तेव्हा व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर त्याला दहन दिले होते. ते समुद्रातून आलेल्या प्रेताला साथीच्या भयाने लावलेल्या नियमापोटी. धर्मविधी म्हणून, राजधानीच्या शहरात, हजारोंच्या वस्तीजवळ चिता पेटवायची परवानगी कोण देणार? इथे योगायोग कामी आला. फ्लॉरेन्स १८६५ पासून इटलीची राजधानी होते. रोम सप्टेंबर १८७० मध्ये हाती आले होते खरे, पण सरकार अजून तिकडे हलायचे होते. मंत्री इथेच, ब्रिटिश वकील इथेच, नगरपालिका तर इथलीच. त्यामुळे कागद एका गावातल्या गावात फिरला आणि त्याच दिवशी मंजुरी मिळाली. सहा महिने उशिरा हा प्रसंग ओढवता तर काय झाले असते, सांगवत नाही. मिलानमध्ये इटलीतले पहिले आधुनिक दाहगृह सुरू झाले ते १८७६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी.

संगमही सापडला. कासिनेच्या टोकाला मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. तिथे रात्रीच्या काळोखात प्रेत आणले. राजाला राजाच्या पोशाखात चितेवर ठेवले आणि कोल्हापूरच्या ब्राह्मणाने मंत्र म्हटले. एवढ्या रात्रीही गाव पाहायला लोटले होते. पहाटेपर्यंत चिता जळत होती. त्या गर्दीत उभ्या असलेल्या कुणा सुताराने, कुणा धोबिणीने घरी जाऊन काय सांगितले असेल, याचा मी त्या कठड्याला टेकून बराच वेळ विचार करत होतो.

छत्री उभी राहिली १८७४ मध्ये. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास ज्याच्या कागदावर जन्मले त्याचाच. त्याच १८७४ साली कागलकर घाटग्यांच्या घरी एक मूल जन्मले. ते पुढे याच गादीवर दत्तक आले आणि आपण त्यांना शाहू महाराज म्हणून ओळखतो. कोल्हापुरात १८८० मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला राजारामांचे नाव मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले त्या कॉलेजात शिकले. छत्रपती घराण्यातल्यांच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. या एकाची आर्नोकाठी.

इथले लोक या जागेला ‘लिंदियानो’, म्हणजे ‘तो हिंदी माणूस’, एवढेच म्हणतात. नाव गेले, हिंदीपण राहिले. जवळच नदीवर तारांनी तोललेला भलामोठा पूल आहे, १९७८ मध्ये पुरा झालेला. त्याचेही नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’. रोज त्यावरून गाड्यांचा लोंढा जातो, आणि रेडिओवर वाहतुकीच्या बातम्यांत कोल्हापूरचा राजा असा नकळत येऊन जातो.

सौ.ने पर्समधून काहीतरी काढले. पाहतो तर विमानात मिळालेली बडीशेप-खडीसाखरेची पुडी. फुले कुठून आणणार? तिने खडीसाखरेचे चार खडे कठड्याच्या आत ठेवले आणि म्हणाली, ‘‘भुरगोच आशिल्लो मरे.’’ आमचा मोठा मुलगा वीस वर्षांचा आहे.

परत यायला उशीर झाला. ट्राम चुकली, मग धावपळ. बस आमच्यासाठी वीस मिनिटे थांबली होती आणि टूर मॅनेजरने जे ऐकवायचे ते सगळ्यांसमोर ऐकवले. चूक माझी, ऐकून घेतले. बस सुटल्यावर सर मागे वळले. ‘‘कुठे हरवला होता हो गोवेकर?’’

मी सांगितले. मोबाइलवरचे फोटो दाखवले.

सर काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसला. फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, ‘‘कॉलेजात चार वर्षं काढली, आणि मला वाटत होतं हे शिवाजी महाराजांचे राजाराम. कुणी सांगितलंच नाही.’’ थोड्या वेळाने, ‘‘मला का नाही नेलंत?’’

मी म्हटले, सर, तुमचा गुडघा. पाच किलोमीटर जाऊन-येऊन.

‘‘टॅक्सी नसती का मिळाली?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. टॅक्सी मिळाली असती. खरे सांगायचे तर मला ती जागा एकट्याने शोधायची होती. त्यांच्या पत्नी पिशव्या आवरत होत्या, त्यांनी विचारले, ‘‘काय हो, काय झालं?’’ सर म्हणाले, ‘‘काही नाही. महाराज इथे होते.’’

रोमच्या रस्त्याला लागेपर्यंत माझा मोबाइल त्यांच्याकडेच होता. परत देताना त्यांनी एकच विचारले, ‘‘संगमावर पाणी आहे ना पण?’’

मी म्हटले, आहे.